मार्करशी बारा सामने

१ जानेवारी १९९९, शुक्रवार

कंपनीची नवी डायरी मिळाली. यंदा रंग मरून. ही माझी पंचविसावी आणि शेवटची, कारण ३१ मार्चला मी स्टोअर्स मॅनेजर या पदावरून निवृत्त होत आहे. आधीच्या चोवीस डायऱ्या कपाटात वर्षवार लावलेल्या आहेत. माझी पत्नी संजीवनी म्हणते, "एवढं काय आहे त्यात?" त्यात सत्य आहे. मी दुसरीकडे कुठे थोडेफार कमीजास्त बोललो असेन, पण डायरीत कधी खोटे लिहिलेले नाही.

निवृत्तीनंतर गावी, कापड्याला जाऊन भातशेती बघायची असे ठरले आहे. कापड्यात टेनिस नाही. म्हणजे जे करायचे ते तीन महिन्यांत करायला हवे.

ऑफिसर्स क्लबच्या हॉलमध्ये एक लाकडी फलक आहे. त्यावर 'वार्षिक मार्कर सामना' असे लिहून खाली सोनेरी रंगात अकरा वेळा माझे नाव, 'मु. उतेकर', आहे. आमच्याकडे दर २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर मेंबरांतला सर्वांत चांगला खेळाडू क्लबच्या मार्करशी खेळतो. मार्कर म्हणजे क्लबचा पगारी माणूस. तो मेंबरांना खेळवतो, चुन्याने रेषा मारतो, रूळ फिरवतो. आमचा मार्कर हैबती ढेबे, वरच्या धनगरवाडीचा. वीस वर्षांचा असताना क्लबात आला, आता चव्वेचाळीसचा आहे. १९८८ पासून मी त्याला दरवर्षी हरवत आलो आहे.

पण हे झाले घरातल्या घरात. खऱ्या स्पर्धेत, जिथे तक्ता छापलेला असतो आणि समोरचा माणूस आपल्याला ओळखत नसतो, तिथे मी एकही सामना जिंकलेलो नाही. खेळलेलोच नाही. जायच्या आधी तसा एक जिंकायचा आहे. एकच पुरे.

९ जानेवारी, शनिवार

योग जुळून येत आहे. कंपनीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आमच्या कोर्टवर राज्य पातळीची बक्षीस-रकमेची स्पर्धा होणार, असे जनरल मॅनेजरांनी आज क्लबच्या बैठकीत सांगितले. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिकचे व्यावसायिक खेळाडू येणार. एकेरी आणि पुरुष दुहेरी. दुहेरीत आठ जोड्या, त्यातली एक जागा यजमान क्लबला.

"कोण खेळणार?" असे जीएमनी विचारले. मी हात वर केला. दुसरा हात वर झाला नाही. माझ्याबद्दलचा आदर, दुसरे काय.

जोडीदार म्हणून मी हैबतीचे नाव सुचवले. त्याला माझ्या खेळाची सवय आहे. एक-दोघे कुजबुजले, मार्करला तक्त्यात कसे घ्यायचे म्हणून. जीएम म्हणाले, "घ्या घ्या. उतेकरांना तोच सांभाळेल." वाक्य उलटे झाले, पण मी दुरुस्त केले नाही.

हैबतीला सांगायला गेलो तर तो नेटला गाठी मारत होता.

"मी? साहेब, मी मार्कर हाय."

"म्हणूनच. तू फक्त बॉल परत टाकत राहा. बाकीचं मी बघतो."

"बरं साहेब," म्हणाला आणि पुढची गाठ मारली.

१७ जानेवारी, रविवार

सराव चालू आहे. हैबतीच्या खेळाचा मी शास्त्रोक्त अभ्यास करतो आहे. निरीक्षणे लिहून ठेवतो.

हैबती बॉल नेहमी एकाच जागी टाकतो, समोरच्याच्या उजव्या हाताला, कमरेएवढ्या उंचीवर. कोणाशीही खेळो. यावरून त्याच्याकडे विविधता नाही हे दिसते. माझा फोरहँड मात्र त्याच्यासमोर फार खुलतो.

दुसरे, दडपण त्याला सहन होत नाही. आमचा सामना चार-चारपर्यंत बरोबरीत येतो आणि तिथे त्याचा बॉल नेटमध्ये जातो. नेटच्या पट्टीला चाटून, जरा खाली. दर वेळी तेवढाच खाली. इतक्या सातत्याने चुका करणारा खेळाडू मी पाहिलेला नाही.

मी त्याला समजावले, मोक्याच्या वेळी मन घट्ट हवे. तो म्हणाला, "व्हय साहेब."

२६ जानेवारी, मंगळवार

झेंडावंदन. जिलबी. त्यानंतर वार्षिक सामना. ६-४, ६-४. बारावा विजय. ब्याण्णवचा अपवाद सोडला तर दरवर्षी निकाल हाच लागलेला आहे. माझ्या खेळात किती स्थिरता आहे ते यावरून कळावे.

घरी आल्यावर संजीवनीने निकाल विचारला नाही. म्हणाली, "सहा-चार, सहा-चार ना? हात धुवा, पानं घेतली आहेत."

३ फेब्रुवारी, बुधवार

टेनिस संघटनेचे निरीक्षक कोर्ट बघायला आले. त्यांच्या फॉर्मवर कोर्टाचा प्रकार लिहायचा होता. सिमेंट, माती, हिरवळ. आमचे कोर्ट यातले कुठलेच नाही. आमचे शेणाने सारवलेले आहे, खळ्यासारखे. खाली मुरूम आणि माती, वर शेणकाला. बॉल टप्पा घेतो, पण फार उसळत नाही. निरीक्षक बराच वेळ वाकून बघत होते. शेवटी त्यांनी 'इतर' वर खूण केली.

सारवण हैबतीची बायको साळूबाई करते. वाडीतल्या दोन बाया मदतीला असतात. शेण त्यांच्याच गुरांचे. साळूबाईचे याबाबतीत फार कडक आहे. सुकी पेंढी खाल्लेल्या गुराचेच शेण चालते, ओला चारा खाल्लेल्याचे धरत नाही, पोपडे सुटतात. निरीक्षकांनी चालत जाऊन नेट बघायचे म्हटले तर ती तिथून ओरडली, "ओ दादा, बूट काडा! कालच हात फिरिवलाय." निरीक्षकांनी बूट काढले. मोजे पण काढले.

हैबती स्वतः अनवाणीच खेळतो, पण स्पर्धेत बूट सक्तीचे. मी महाडच्या बाजारातून त्याला कॅनव्हासचे आणून दिले. घालून तो स्पर्धेसाठी घातलेल्या मांडवाखाली फेऱ्या मारत होता, कोर्टवर नाही. विचारले का, तर म्हणाला, "उगा सारवान कशाला उकरायचं."

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

खेळाडू आले. कॉलनीच्या गेस्ट हाउसमध्ये सगळीकडे रॅकेटी आणि केळ्यांची सालं. तक्ता लागला. 'मु. उतेकर – है. ढेबे'. मी दोनदा जाऊन वाचला. तिसऱ्यांदा संजीवनीला घेऊन गेलो. तिने वाचले आणि म्हणाली, "छापून आलं खरं." मी नावावरून बोट फिरवून बघितले. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला छापील नावाने असे व्हायला नको, पण झाले.

आमच्यासमोर ठाण्याचा स्वराज नावाचा मुलगा आहे, वय वीस. त्याचा जोडीदार गोव्याहून येत होता. कशेडी घाटात ट्रक आडवा झाल्यामुळे तो सकाळपासून घाटात अडकला आहे. नियमाप्रमाणे त्याच्या जागी स्वराजचा कोच उभा राहणार. सुनीलसर म्हणतात त्यांना, छत्तीस-सदतीसचे असतील. एकत्र कधी खेळलेले नाहीत, शेणाच्या कोर्टवर तर नाहीच. दुपारी सरावाला उतरले तर कमरेत वाकून वाकून थकले. स्वराज म्हणाला, "सर, बॉल उठतच नाही, यार."

मी कोणाचे वाईट चिंतत नाही. पण घाट रात्रभर बंद राहील तर बरे.

१३ फेब्रुवारी, शनिवार

आज सविस्तर लिहायचे आहे. तिसरा चहा घेऊन बसलो आहे.

पहिल्या फेरीत दुहेरीला एकच सेट, आधी नऊ गेम घेईल तो. घाट उघडला होता, पण जोडीदार वेळेत पोचला नाही. सुनीलसरच उतरले. मांडवात पहिल्या रांगेत जीएम आणि मेंबर मंडळी, मागे शिफ्ट सुटलेले कामगार, कुंपणाला टेकून साळूबाई आणि वाडीची माणसे. संजीवनी विणकाम घेऊन आली होती.

सुरुवात वाईट झाली. पहिल्या सात गेममध्ये आम्हाला एक मिळाला. माझे काही चुकत नव्हते असे मी म्हणत नाही. माझ्या फोरहँडला काय झाले होते कळेना. बॉल कधी खांद्याशी, कधी पायाशी, कधी मी नसेन तिथे. हैबती मात्र एकही चुकवत नव्हता. कुठलाही बॉल येवो, तो पोचायचा आणि परत टाकायचा, आणि तो बॉल बरोबर स्वराजच्या उजव्या हाताला कमरेएवढ्या उंचीवर जायचा. पुढचा फटका स्वराज मारायचा आणि गुण संपायचा. मधेच हैबती खेळ थांबवून, उचकटलेला एक पोपडा पायाने दाबून बसवत होता.

एक-सहा झाल्यावर बाजू बदलताना स्वराज नेटपाशी हसत हैबतीला म्हणाला, "काका, मस्त फीड करताय. तुम्ही आम्हाला प्रॅक्टिस देताय की काय?"

चांगला मुलगा आहे. कुचेष्टेने म्हणाला नाही. खरेच आवडले म्हणून म्हणाला.

मी बाकावर बसलो. पाण्याची बाटली उघडली आणि तशीच धरून राहिलो. तिथे मला जे कळले ते इथे लिहितो, कारण इथे नाही लिहिले तर कुठे लिहिणार?

उजव्या हाताला, कमरेएवढ्या उंचीवर. हे माझेच निरीक्षण आहे, १७ जानेवारीचे. चार-चारला नेटमध्ये, दर वेळी तेवढाच खाली, हेही माझेच. बारा वर्षे बॉल माझ्या रॅकेटपाशी येत होता, आणि माझी समजूत अशी की मी बॉलपाशी जातो आहे.

 आधी राग आला हैबतीचा. मग मांडवाकडे बघितले, तिथे सगळे मेंबर नजर चुकवून बसलेले, आणि लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही. काही न बोलता एक-नऊ हरून घरी गेलो असतो तर कोणी काही म्हटले नसते. हैबतीला दडपण सहन होत नाही असे डायरीत लिहिले असते. फलक होता तसा राहिला असता. पण खरा सामना जिंकायची ही पहिली आणि शेवटची संधी होती, आणि जिंकू शकणारा माणूस माझ्या शेजारी बसून बुटाची नाडी सोडून बांधत होता.

"हैबती, त्यांना असा बॉल देऊ नको."

"कसा साहेब?"

"मला देतोस तसा."

त्याने नाडी सोडली. वर बघितले नाही. म्हणाला, "हात तितंच जातो साहेब. चोवीस वर्सं झाली."

"ते साहेब नाहीत. ठाण्याची पोरं आहेत."

"टोपी हाय. पांढरं बूट हायेत. हाताला कळत नाय साहेब."

खुर्चीवरच्या पंचांनी वेळ संपल्याचे सांगितले. आम्ही उठलो. हैबती सर्व्हिसला उभा राहिला आणि पहिलाच बॉल स्वराजला आणून दिला, ताटात वाढावा तसा. स्वराजने तो माझ्या पायात मारला.

तेव्हा मी ओरडलो. शुद्ध भाषेत ओरडायला हवे होते, पण तोंडातून कापड्याची बोली आली. "आरं हैबत्या, मला सोडलास तेवडं बास झालं! बारा वर्सं सोडलास मला! आता कोनाला सोडू नको! जितं कोन नाय तितं मार रे, जितं कोन नाय तितं!"

 पंचांनी मला ताकीद दिली. जीएम चष्मा पुसत होते. संजीवनीच्या सुया थांबल्या होत्या.

हैबतीने माझ्याकडे बघितले. मग पंचांना हात जोडून बूट काढू का विचारले. ते नाही म्हणाले. मग सर्व्हिस केली.

त्यापुढचे मला नीट वर्णन करता येणार नाही. मी त्याच्यासोबत बारा वर्षे खेळलो आणि तो बॉल मी कधी पाहिला नव्हता. आवाजच निराळा होता. बॉल रेषेच्या चुन्यावर पडायचा, पांढरी धूळ उडायची आणि तिथे कोणी नसायचे. स्वराज डावीकडे असला की उजवीकडे, पुढे आला की मागे. शेणाचे कोर्ट त्याला हाताच्या रेषांसारखे पाठ. कुठे बॉल मरतो, कुठे सरपटतो, ते त्याला ठाऊक; रूळ त्यानेच फिरवलेला. दोन गेमनंतर तो पोपड्यांकडे बघेनासा झाला, घसरत जाऊन बॉल घेऊ लागला. वाडीची माणसे कुंपण हलवत होती. साळूबाई तेवढी ओरडत होती, "आरं सारवान! आरं सारवान गेलं!"

तीन-सहा. पाच-सहा. सात-सहा. सलग सहा गेम. यात माझे योगदान असे की मी मधे आलो नाही.

मग सुनीलसरांनी मुलाला जवळ बोलावून काही सांगितले. ते काय ते मला लगेच समजले, कारण त्यानंतर प्रत्येक बॉल माझ्याकडे यायला लागला. माझ्या सर्व्हिसला मी दोन डबल फॉल्ट केले. सात-सात. सात-आठ. हैबतीची सर्व्हिस, तीस-चाळीस. त्यांनी उंच बॉल टाकला. तो नेटपाशी माझ्या डोक्यावर आला. सावकाश. हैबती मागून पळत आलेला मला ऐकू आला. तो घेऊ शकला असता. तो थांबला.

"तुमचा, साहेब."

मी रॅकेट वर नेली. फ्रेमला लागून बॉल मागे कुंपणापलीकडे साळूबाईच्या शेणाच्या पाटीत गेला.

सात-नऊ.

१४ फेब्रुवारी, रविवार

काल एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे लिहिली नाही.

सामन्यानंतर सुनीलसर हैबतीपाशी आले. त्याचा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला. विचारले, कोणाकडे शिकलात? हैबती म्हणाला, "साहेब लोक खेळायचं, ते बघून."

सुनीलसर म्हणाले, "वीस वर्षांपूर्वी भेटायला हवं होतं तुम्ही मला. मी नाही तर माझ्या सरांना तरी."

हैबती म्हणाला, "तवा पन हितंच व्हतो."

सहज म्हणाला. मग रेषा पुसल्या गेल्या होत्या त्या मारायला चुन्याचा डबा आणायला गेला. पुढचा सामना होता.

मी तिथेच उभा होतो. त्या वीस वर्षांतली बारा माझी आहेत.

२२ फेब्रुवारी, सोमवार

आठवडाभर क्लबात गेलो नाही. पाठ धरली आहे असे सांगितले. पाठ धरलेली नाही.

आज जेवताना संजीवनीला विचारले, तुला माहीत होते का. तिने भात वाढला, त्यावर आमटी घातली आणि म्हणाली, "हो."

"कधीपासून?"

"एकोणनव्वद. साळूबाई दर पंचवीस जानेवारीला मागच्या दाराला यायची. 'वयनी, यंदा किती?' मी सांगायचे, सहा-चार."

"सहा-चारच का?"

"सरावातही सहा-तीन जिंकलात की तुम्ही दोन महिने मला बॅकहँड समजावून सांगता."

मी विचारले, आणखी कोणाला माहीत आहे? तिने थोडा विचार केला. मग म्हणाली की कोणाला माहीत नाही ते आठवायला सोपे जाईल. त्यात मी एकटाच निघालो.

मी पानावरून उठायच्या बेतात होतो. ती म्हणाली, "बसा. बारा वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा मला तुमचा सामना बघावासा वाटला. सातच ओळी झाल्या स्वेटरच्या."

बसलो. भात संपवला.

७ मार्च, रविवार

पहाटे क्लबात गेलो. हैबती रूळ फिरवत होता. कोर्ट पुन्हा नीट झाले आहे. साळूबाईने स्पर्धेनंतर तीन दिवस सारवले म्हणे, आणि तीनही दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

मी म्हणालो, "एक सामना खेळू. खरा."

"कशाला साहेब?"

"मी महिनाअखेर चाललो. बघू दे तरी मला काय आहे ते."

त्याने रूळ कडेला नेऊन लावला. मग रॅकेट घेऊन आला, अनवाणी. पहिल्या दोन-तीन गुणांनंतर "चुकलं साहेब" म्हणत होता. मग म्हणायचे थांबला. ६-०, ६-०. चोवीस मिनिटे. एका गेममध्ये मी चाळीसपर्यंत पोचलो, ते लिहून ठेवतो.

माझ्या बंडीतून घाम ठिबकत होता. वाईट वाटेल असे धरून गेलो होतो. वाटले नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी माणूस समजून खेळवले असे वाटले.

पायरीवर बसून चहा घेतला. दोघांनी, पहिल्यांदाच. मी विचारले, "का रे असं केलंस?"

तो म्हणाला, क्लब सुरू झाला तेव्हा त्याने एका साहेबांना असेच शून्यावर हरवले होते. ते साहेब महिनाभर आले नाहीत. तेव्हाच्या सेक्रेटरींनी त्याला बोलावून सांगितले की मार्करने बॉल मेंबरला द्यायचा, मेंबरपासून न्यायचा नाही. "मंग ज्याला जसा जमंल तसा द्यायचो. जीएमसायबास्नी जरा हळू. तुमाला जरा जोरात."

"मला जोरात?"

"तुमाला आवडायचं."

"पण सारखं हरायचं म्हणजे..."

"हरायचं काय त्यात साहेब. ते काम."

मी कप खाली ठेवला. जे विचारायला आलो होतो ते अजून विचारले नव्हते. विचारू नये असेही वाटत होते. शेवटी विचारले, "बारा सामन्यांत एक तरी मी खरा जिंकलो का? खोटं सांगू नको. निदान इथे तरी मला सोडू नको."

हैबतीने खरोखर आठवले. बोटांवर वर्षे मोजली. मला वाटले आता नाही म्हणेल, आणि मी त्याचीही तयारी केली.

"एक," तो म्हणाला. "ब्याण्णव साली. मला हिवताप व्हता. हात उचलत नव्हता. सोडायची ताकदच नव्हती साहेब, तुमीच मारलात. तो तुमचाच."

मी घरी पळत आलो म्हटले तरी चालेल. संजीवनी काय झाले म्हणून मागे मागे कपाटापर्यंत आली. १९९२ ची डायरी निळी आहे, हिरव्या आणि तपकिरीच्या मधली. पान काढले. इथे जसेच्या तसे उतरवतो.

"२६ जानेवारी १९९२, रविवार. मार्कर सामना. जिंकलो. ६-१, ६-०. पण काही मजा आली नाही. हैबती आज मन लावून खेळला नाही. त्याला तसे सर्वांसमोर स्पष्ट सांगितले."